डबल बेल

आई कामावरून आली की चपला काढायच्या आधी दोन प्रश्न विचारायची. पहिला बाबांबद्दल, "नीट खाल्लं का गं त्यांनी?" आणि दुसरा धाकटीच्या खेळाबद्दल, "आज किती आहे?" किती म्हणजे पिंग किती. पिंग हे काय प्रकरण आहे ते आईला धड माहीत नव्हतं, पण एखाद्या आजारी नातेवाइकाचा ताप विचारावा तशी ती रोज न चुकता चौकशी करायची. आकडा लहान असला की पोरगी जेवताना चार शब्द बोलते आणि मोठा असला की ताटाशी फुगून बसते, एवढं तिने हेरलं होतं. त्याहून जास्त ज्ञानाची तिला गरज वाटत नव्हती.

एकदा मात्र तिने विचारलंच, "हा तुझा लॅग म्हणजे नेमकं काय गं?"

धाकटीने तिला पडद्यासमोर बसवलं. "हा माणूस दिसतोय ना, भिंतीच्या कडेला? मी त्याला गोळी घातली. लागली नाही. कारण तो तिथे नाहीच. तो केव्हाच निघून गेलाय, माझ्यापर्यंत बातमी उशिरा पोचतेय, किती उशिरा तो आकडा म्हणजे पिंग. मला दिसतोय तो मघाचा माणूस."

"म्हणजे तुझा मामा," आई म्हणाली. "फोनवर सांगतो, हा काय, कोपऱ्यावर आलोय. आणि असतो अजून अंघोळीत."

पलीकडच्या खोलीतून टण टण आवाज आला. बाबा हसत होते.

बाबांचं हसणं, रडणं, रागावणं, सगळं आता त्या आवाजातून यायचं. सबंध नोकरी त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. गळ्यात बॅग, कानाला पेन आणि हात कायम घंटीच्या दोरीवर. एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की सुटायची. सिंगल आणि डबल, एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी गर्दीने फुटायला आलेल्या गाड्या वर्षानुवर्षं हाकल्या. मग एका सकाळी झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. दवाखान्यातल्या नर्सबाई त्यांना खुणा शिकवायला बसल्या, तेव्हा बाबांनी डाव्या हाताने चमचा उचलला आणि पाण्याच्या पेल्यावर एकदा मारला. नर्सबाईंना काही कळेना. आईला कळलं. ती म्हणाली, "थांबा म्हणतायत तुम्हाला. पुरे करा म्हणतायत."

तेव्हापासून त्यांच्या पलंगाच्या दांडीला स्टीलचा पेला बांधलेला असे आणि त्याला दोरीने चमचा. सिंगल म्हणजे काहीतरी अडलंय, इकडे या. डबल म्हणजे माझं ठीक चाललंय, तुम्ही चला आपल्या कामाला. चांगली बोलती माणसं एकमेकांना जेवढं सांगतात, त्याहून या घरात त्या दोन ठोक्यांत जास्त सांगून व्हायचं.

पण एक धोका होता आणि तो घरात सगळ्यांच्या उशाशी होता. बाबांच्या घशात कफ दाटायचा. त्यांना स्वतःला कुशीवर वळता येत नव्हतं. डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावून सांगितलं होतं, "दाटलं की ताबडतोब कुशीवर घ्यायचं, पाठ थोपटायची, तोंड साफ करायचं. यात उशीर चालणार नाही. माणूस कायम हाकेच्या अंतरावर पाहिजे."

हाकेच्या अंतरावर कोण, हा प्रश्न घरात फार वेळ चर्चेला आला नाही. आईची नोकरी पक्की होती, कपडे शिवायच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर. दादा दूरच्या शहरात, त्याला बायको, मूल आणि ऑफिस. धाकटी एका छापखान्यात डिझाइनचं काम करायची, ते सुटलं. कुणी तिला सोड म्हटलं नाही, पण कुणी नको सोडू असंही म्हटलं नाही. आपल्याकडे अशीच माणसं कामाला लागतात.

खेळ तिच्याकडे आधीपासून होता. घरात अडकल्यावर तो वाढला. बाबा झोपले की ती कानाला मोठे हेडफोन लावून बसायची. खेळात तिचं नाव मुंगी. तिचा जोडीदार डबा, कारण त्याचा कॉम्प्युटर जुना आणि पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून पोरगा हसरा वाटायचा आणि त्याला बोलायला सतत काहीतरी लागायचं. पण दोघं खेळायची मोठी छान, एकाने श्वास घ्यावा आणि दुसऱ्याने सोडावा अशी. होता होता नाव झालं. एका मोठ्या संघाने जोड्यांची निवड लावली. जी जोडी निवडचाचणी जिंकेल तिला संघात घेणार, दुसऱ्या शहरात राहायची सोय, खेळणं हीच नोकरी. धाकटीने हे आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "निवड तरी होऊ दे. पुढचं पुढे बघू. कुणीतरी बाई ठेवू बाबांना." ती असं म्हणाली, त्याने धाकटीला रडू आलं. त्या खोलीतून बाहेर जायचं दार कुणी तिला पहिल्यांदाच दाखवत होतं.

आणि नेमका तेव्हाच लॅग सुरू झाला.

पिंग एकाएकी चढायचं, तिप्पट, दसपट. पडद्यावरची माणसं खांबासारखी थिजायची आणि मग एकदम भलतीकडेच उगवायची. मुंगी दाराआड लपलेली असायची आणि तिला कळायच्या आत ती मेलेली असायची. धाकटीच्या नाकी नऊ आले. तिने राउटर बंद करून चालू केला. राउटर कपाटावरून काढून टेबलावर आणला. वायफाय सोडून सरळ केबल जोडली, केबल बदलली. टीव्ही बंद, फोनचे सगळे अपडेट बंद. इंटरनेटच्या कंपनीचा माणूस आला, त्याने लाइन तपासली, चहा प्यायला आणि म्हणाला, "लाइन तर चोख आहे, ताई. खाली येणारा रस्ता तुमचा मोठा आहे, वर जाणारा बारीक. घरातून कोणीतरी सारखं वर पाठवतंय. ते कोण, ते बघा." एवढं बोलून तो पुढच्या घरी गेला.

मग तिने घरातली एकेक वस्तू उपटायला सुरुवात केली. एक काढायची, पिंग बघायचं, परत लावायची. शेवटी राहिला बाबांच्या खोलीतला कॅमेरा. त्याची पिन काढली आणि पिंग शहाण्या मुलासारखं खाली येऊन बसलं. ती आनंदाने ओरडणार तोच फोन वाजला.

"बाबा कुठे गेले?" आई कारखान्यातून ओरडत होती. "सगळं काळं दिसतंय मला इथे!"

कॅमेरा दादाने लावला होता. आई काजाच्या मशीनवर दोऱ्याच्या रिळाला टेकवून फोन उभा ठेवायची आणि सुई चालत असताना अधूनमधून एक डोळा बाबांवर टाकायची. थट्टा नव्हती ती. धाकटी अंघोळीला गेली असताना बाबांना कफ दाटला होता, तेव्हा आईने कारखान्यातून फोनवर फोन केले होते, आणि धाकटी अंगाला टॉवेल गुंडाळून धावत गेली होती. आईने डोळे द्यायचे आणि धाकटीने हात, असं मायलेकींनी वाटून घेतलं होतं. कानांवर हेडफोन असले तरी चालायचं ते त्यामुळेच. टेबलावरचा फोन उजळला की आईने काहीतरी पाहिलंय, असं समजायचं.

धाकटीने दादाला फोन लावला. "दादा, कॅमेऱ्याची क्वालिटी थोडी कमी कर ना. सगळं नेट तोच खातोय."

"मीच वाढवलीय," दादा म्हणाला. "आधी बाबांची छाती हललेली कळायची नाही. आता श्वास दिसतो."

"माझी निवड आहे रे. तेवढ्यापुरतं कर."

"म्हणजे तुझ्या खेळापायी बाबांचा श्वास बंद करू?"

तिने फोन आपटला. दूर बसून काळजी करणाऱ्या माणसाच्या तोंडी अशी वाक्यं फार सहज येतात. खोली कोण पुसतं, चादर कोण बदलतं, तोंड कोण साफ करतं, ते काही त्या कॅमेऱ्यात एवढं स्पष्ट दिसत नव्हतं. तिचा राग खरा होता आणि रास्तही होता. पण राग रास्त असला म्हणजे त्या भरात केलेली गोष्टही रास्त होते, असं नाही.

कॅमेऱ्याचा पासवर्ड दादाकडे होता. राउटरचा तिच्याकडे. ती राउटरच्या सेटिंगमध्ये शिरली. तिथे एकेका वस्तूला किती नेट द्यायचं ते ठरवता येत होतं. कॅमेरा बंद केला तर आईच्या फोनवर काळोख होणार. म्हणून तिने तो बंद नाही केला, नळ अगदी बारीक करावा तसं त्याचं नेट बारीक केलं. कॅमेरा चालू राहिला. आईच्या फोनवर तो चालू असल्याचा हिरवा ठिपका राहिला. चित्र तेवढं अडखळायला लागलं, एकदा आलं की बराच वेळ तेच, मग पुढचं. सरावापुरतं तिने हे केलं आणि सराव संपला की नळ पुन्हा मोठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आईला काही कळलं नाही. बाबा तसेही हलत नव्हते.

तिने बाबांना सांगितलं होतं. ते महत्त्वाचं. चोरून केलं नव्हतं. पलंगाशी बसून, त्यांचा डावा हात हातात घेऊन तिने सगळं समजावलं होतं: निवड, लॅग, कॅमेरा. "थोडा वेळच बाबा. मधेमधे मी येऊन बघीन. काही लागलं तर सिंगल द्या." बाबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात सोडवून घेतला, चमचा उचलला आणि पेल्यावर दोन ठोके दिले. डबल. चल.

निवडीच्या दिवशी आई सकाळी निघताना दोनदा परत आली, एकदा जेवणाचा डबा विसरला म्हणून आणि एकदा उगीचच. "जिंकून ये," ती म्हणाली. धाकटी म्हणाली, "मी घरातच आहे, आई." "तरी," आई म्हणाली.

धाकटीने बाबांचं सगळं आवरलं. तोंड साफ केलं, पाठ थोपटली, उशा लावल्या, पेला हाताशी आणला. मग कॉम्प्युटरशी बसून पिंग बघितलं. अजून मधेच उडी मारत होतं. तिने कॅमेऱ्याचा नळ आणखी बारीक केला. आणखी. आकडा खाली आला आणि स्थिर झाला. ती दारात गेली आणि म्हणाली, "बाबा, सुटते गाडी!" बाबांनी डावा हात वर केला, गाडी सुटताना ड्रायव्हरला करायचे तसा. आईच्या फोनवर पोचलेलं शेवटचं चित्र ते होतं.

तीन फेऱ्या होत्या. पहिली ते हरले. मधल्या वेळात ती बाबांच्या खोलीत डोकावली. ते जागे होते. "हरलो," ती म्हणाली. त्यांनी डबल दिली. दुसरी फेरी जिंकली. मधला वेळ फार थोडा होता, तेवढ्यात समोरच्या जोडीने काहीतरी तक्रार केली आणि पंचांनी सगळ्यांना जागेवर बसून राहायला सांगितलं. ती अर्धी उठली होती, ती बसली. कान देऊन ऐकावं म्हणून तिने हेडफोन एका बाजूने उचलला. शांत होतं. तिसरी फेरी सुरू झाली.

त्या दिवशी तिचं पिंग देखणं होतं. आकडा हलत नव्हता. इतके आठवडे जी माणसं तिच्यापुढे भुतांसारखी उड्या मारायची ती आता साध्या माणसांसारखी चालत होती. मुंगी जिथे बघत होती तिथे ती माणसं होती आणि जिथे गोळी घालत होती तिथे लागत होती. एवढं साधं सुख तिला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. तिच्या मनात त्या वेळी बाबा नव्हते, आई नव्हती, कुणीच नव्हतं. खोटं कशाला सांगा, तिला फार छान वाटत होतं.

रडत होतं ते डब्याचं नेट. तो मधेच भिंतीला नाक लावून उभा राहायचा, त्याचा आवाज बंद पडायचा आणि मग तो धापा टाकत परत यायचा. "आलो, आलो. अडकलो होतो."

"डावीकडून दोघं येतायत. खाली बस."

"बसलो. मुंगे, तुझ्याकडे काय वाजतंय गं?"

"काय वाजतंय?"

"भांडं वाजल्यासारखं. टण टण."

धाकटीच्या कानांवर हेडफोन घट्ट होते, बाहेरचं काही ऐकू येऊ नये यासाठीच ते घेतले होते. पण तिच्या तोंडापुढचा माइक उघडा होता. तिला जे ऐकू येत नव्हतं ते डब्याला ऐकू जात होतं. तिचा हात थांबला.

"एकदा वाजलं की दोनदा?"

"दोनदा. टण टण. लागोपाठ."

"नक्की दोनदा?"

"अगं हो. काय झालं?"

तिचा जीव भांड्यात पडला. "बाबा आहेत माझे. डबल म्हणजे चल म्हणतायत. कंडक्टर होते ना."

"वा! मग चला," डबा म्हणाला आणि पुन्हा अडकला. परत आला तेव्हा हसतच आला. "परत दिली बघ तुझ्या बाबांनी. टण टण. आणि परत एक डबल!"

"ऐकतायत ते माझा आरडाओरडा," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपलीकडे पडल्या पडल्या बाप तिला पुढे हाकतोय, असं तिला वाटलं, आणि ती अशी खेळली की समोरच्यांना पळता भुई थोडी झाली. शेवटच्या माणसाला तिने जिन्यात गाठलं. पडद्यावर दोघांची नावं सोनेरी अक्षरांत आली. मुंगी आणि डबा.

डबा इतका ओरडला की त्याच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "घेतलं आपल्याला! मुंगे, घेतलं! आणि कसल्या नेटवर खेळलो मी, तुला सांगतो. काहीच यायचं नाही आणि मग साठलेलं सगळं एकदम अंगावर यायचं. तू काय बोललीस ते निम्मं मला असं एकावर एक चढूनच ऐकू आलं."

"एकावर एक म्हणजे?"

"म्हणजे तू आधी 'जिन्यात' म्हणाली असशील आणि मग केव्हातरी 'पळ' म्हणाली असशील. मला कसं आलं, 'जिन्यातपळ!' एका दमात. मधली जागाच नाही."

धाकटी हसत होती. हसता हसता ती थांबली.

"आणि भांडं?" तिने विचारलं.

"कुठलं भांडं?"

"भांडं वाजत होतं ते. ते तुला कसं आलं? तुझं नेट सुटलं की मग एकदम आलं का?"

"हो. दरवेळी नेट सुटलं की मगच. का गं?"

ती उठली. हेडफोनची वायर ताणली गेली आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास आडवा झाला. सिंगल, मग मधे मोठी जागा, मग पुन्हा सिंगल. थांब. थांब. मधली जागा डब्याच्या नेटने खाऊन टाकली होती, आणि दोन थांब मिळून एक चल झालं होतं.

बाबा पलंगाच्या कडेकडे सरकलेले होते. एका हाताने माणूस जेवढं सरकू शकतो तेवढे. तोंड उघडं होतं, ओठ निळे. चमचा दोरीला लोंबत होता आणि हलत नव्हता. तिने त्यांना कुशीवर घेतलं. पाठ थोपटली, मग मारली. बोट घालून तोंड साफ केलं. तोंडावर तोंड ठेवून फुंकलं. डॉक्टरांनी शिकवलं होतं ते सगळं तिने त्याच क्रमाने, एकही गोष्ट न चुकवता केलं. पाठ अजून कोमट होती. कोमट होती म्हणून ती थांबेना. दोन्ही हातांनी ती त्यांना हलवत राहिली आणि म्हणत राहिली, "बाबा, मी आले. बाबा, मी आले ना." शेवटी तिचे हात आपोआप थांबले.

दुसऱ्या खोलीत टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून डब्याचा बारीक आवाज येत होता. "मुंगे? आहेस का? ए मुंगे?"

तिचा फोन वाजला तेव्हा तो घ्यायला ती कशी गेली ते तिला नंतर आठवेना. पडद्यावर आईचं नाव होतं. मागे मशिनांची घरघर होती आणि बायकांचं हसणं.

"काय झालं गं? संपलं का? जिंकलीस का?"

धाकटी ओली बोटं कुडत्याला पुसत राहिली.

"बरं राहू दे, घरी आल्यावर सांग. हरलीस तरी काही बिघडत नाही," आई घाईघाईने म्हणाली. "अगं, आणि बाबांना सांग, हात खाली घ्या. आज मान वर करायला सवड नव्हती मला, पण तीनचारदा बघितलं, तर दरवेळी हात वरच! टाटा करतायत मला. इथे सगळ्याजणी हसतायत. मी पण केला एकदा, त्यांना कुठे दिसतंय म्हणा. दुखेल ना हात. आत्ताही वरच आहे बघ."

धाकटी फोन कानाला धरून बाबांच्या दारात आली. डावा हात पलंगाखाली लोंबत होता, बोटं जमिनीला टेकली होती. कपाटावर कॅमेरा होता, त्याचा बारका दिवा चालू होता. तो त्यांच्याकडे बघत होता आणि कुणाला काही सांगत नव्हता. कसा सांगणार, तिनेच त्याचा गळा आवळला होता.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"तो लॅग आहे, आई."

आई आधी हसायला गेली. ते हसणं फोनमध्ये अर्धंच आलं. मग नुसती घरघर आली, सुयांची, आणि कुणीतरी लांबून सुताचा रंग ओरडून विचारत होतं. आईने चित्राच्या कोपऱ्यात उमटलेली वेळ बघितली असेल. इतके दिवस ती त्या चित्रात फक्त माणूस बघायची, कोपऱ्यातली वेळ तिने कधी वाचली नव्हती.

मग रोज दारात विचारायची तोच प्रश्न तिने विचारला, पण अगदी हळू.

"किती आहे?"

"सकाळचा आहे," धाकटी म्हणाली.

पलीकडे आईचं मशीन थांबलं. बाकीची मशिनं चालूच होती.